‘मी नाही म्हटलं, तर तो पुन्हा प्यायला लागेल का?’

(‘मनमोकळं’ : वाचकांची पत्रं आणि ताईंची उत्तरं. पत्रलेखकांची नावं त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इचलकरंजीत राहते, वय ३३. एका यंत्रमाग कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचं काम करते. नवऱ्यानं सात वर्षांपूर्वी टाकलं. मुलगी नऊ वर्षांची आहे, आम्ही दोघी आईजवळ राहतो. आमच्याच कारखान्यात मागावर एक जण आहे. आधी फार प्यायचा. आता अकरा महिने झाले, थेंब घेतलेला नाही. दर रविवारी दारू सोडलेल्यांच्या मिटिंगला जातो. माझ्या मुलीला गणित शिकवतो. त्यानं मला लग्नाचं विचारलं आहे. पण मागच्या महिन्यात आईच्या औषधाला म्हणून त्यानं माझे भिशीचे आठ हजार नेले. नंतर कळलं की त्याच्या जोडीदारानं सावकाराकडून महिना दहा टक्क्यांनी पैसे उचलले होते आणि यानं जामीन म्हणून कोऱ्या स्टँपवर सही केली होती. तो जोडीदार अजून पितो. सावकाराची माणसं कारखान्याच्या दारात येऊन बसायला लागली, म्हणून यानं माझे पैसे तिकडे भरले. विचारलं तर रडला. म्हणाला, ‘प्यायलो तर नाही ना?’ आई म्हणते, बेवडा तो बेवडाच. मला तो आवडतो, ताई. पण भरवसा ठेवू का? आणि मी नाही म्हटलं, तर तो पुन्हा प्यायला लागेल का?
— एक बहीण

उत्तर : पोरी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या ओळीशी थांबले. आधी तिचंच उत्तर देते, कारण बाकी सगळं तिच्यावरच टांगलेलं आहे. नाही. तू नाही म्हटलंस म्हणून तो प्यायला लागणार नाही. प्यायला लागलाच, तर ते तुझ्यामुळे नसेल. आणि तू हो म्हटलंस म्हणून तो कोरडा राहील, असंही नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमचे हे परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. तुझा तो मागावर, हे साच्यावर, कानात खडखडाट तोच. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी कधी जाहीरच केलं नाही, त्यामुळे आमच्या चाळीत कित्येक वर्षं लोक ‘संप चालू आहे’ असंच म्हणायचे. हे आधी पगाराच्या दिवशी घ्यायचे, तेवढंच. संपात पगार गेला आणि सगळे दिवस सारखे झाले.

मी खानावळ चालवायची. चौदा गडी जेवायला होते, त्यातले बरेचसे गावाला निघून गेले. जे राहिले त्यांची उधारी वाढत गेली. चार पैसे सुटले की मी ते पिठाच्या डब्यात तळाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत पुरून ठेवायची. एकदा डबा उघडला तर वरचं पीठ हातानं थापून अगदी सारखं केलेलं. ती थाप माझ्या हाताची नव्हती. मी डब्यात हात न घालताच झाकण लावलं आणि शेजारणीकडून वाटीभर पीठ मागून आणलं. पैसे गेल्यापेक्षा त्या थापलेल्या पिठाचं मला फार लागलं. एवढ्या काळजीनं त्यांनी माझ्यासाठी कधी काही केलेलं नव्हतं.

ह्यांची सुटली १९९१ला. म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या एका वर्गात संध्याकाळी मिटिंग भरायची. लहान मुलांच्या बाकांवर हे मोठे बाप्ये गुडघे आखडून बसायचे. सात महिने नीट गेले. एका रात्री रॉकेलच्या पैशांवरून मी ह्यांना खूप बोलले. दुसऱ्या दिवशी हे पिऊन आले. मला वाटलं, संपलं, आपल्या जिभेनं घात केला. अशा घरच्या बायकांची वेगळी मिटिंग असते, अल-अनॉन म्हणतात तिला, तिथे जाऊन मी ढसाढसा रडले. तिथे भांडुपहून एक म्हाताऱ्या बाई यायच्या. त्यांनी मला विचारलं, ‘ग्लास तू भरलास का?’ म्हटलं, नाही. ‘त्यांच्या तोंडाला तू लावलास का?’ नाही. ‘मग उद्या भाजी काय करणार आहेस ते सांग.’ मी रडता रडता म्हटलं, वाल. ‘मग घरी जा आणि वाल भिजत घाल,’ म्हणाल्या. मी घरी आले आणि वाल भिजत घातले. तिसऱ्या दिवशी हे आपल्या पायांनी मिटिंगला गेले. त्यानंतर २०१०मध्ये जाईपर्यंत त्यांनी घेतली नाही.

म्हणून तुला सांगते, त्याची दारू हे तुझ्या डोक्यावरचं ओझं नाही. ते तू उचलू नकोस आणि त्यालाही तुझ्या डोक्यावर ठेवू देऊ नकोस. ‘तू नसलीस तर मी पुन्हा पिईन’ असं तो कधी म्हणाला, तर तिथल्या तिथे उठून ये. तुझ्या पत्रात तो तसं म्हणाल्याचं कुठे नाही. ही भीती तुझी तूच धरून बसली आहेस.

आता पैशांचं. ‘प्यायलो तर नाही ना’ हे त्याचं खरं आहे आणि अकरा महिने ही लहानसहान गोष्ट नाही. ज्या माणसाच्या डाव्या-उजव्या हाताचे दोन्ही जोडीदार पाळी सुटल्यावर गुत्त्यावर जातात, तो रोज त्या दारावरून न वळता पुढे जातो, याची किंमत मला माहीत आहे. पण पिणाऱ्याच्या घरात दारूच्या आधी खोटं येतं आणि दारू गेल्यावरही ते बरेच दिवस रेंगाळतं. ह्यांच्या बाबतीत बाटली एका दिवसात बंद झाली, पण ‘रस्त्यात पाकीट मारलं’ म्हणायची सवय जायला दोन वर्षं लागली. मला आता वाटतं, ते मुद्दाम फसवत नव्हते. इतकी वर्षं प्रत्येक रुपयाची गोष्ट रचावी लागली, की खरं बोलायचं असतं तेव्हाही तोंडातून आधी गोष्टच यायची.

त्यानं ते मित्रासाठी केलं, हे मी नजरेआड करत नाही. दारात माणसं बसलेली, मालक बघतोय, उद्या ‘येऊ नकोस’ म्हणाला तर माग गेला. खरं सांगितलं असतं तर तू पैसे दिले नसतेस. गरिबाला खरं बोलायला परवडत नाही असे दिवस मी पाहिले आहेत. तरीही मित्रासाठी बोललं म्हणून खोटं गोड होत नाही. ती तुझ्या लेकीची भिशी होती. शिवाय त्या आठ हजारांनी जोडीदाराचं काय भलं झालं? त्याला पुढच्या महिन्याला मोकळं रान मिळालं. पिणाऱ्याचं देणं दुसऱ्यानं भागवलं की त्याला थांबायचं कारण उरत नाही. ही गोष्ट तुझ्या त्याला मिटिंगमध्ये शंभरदा ऐकायला मिळाली असेल, फक्त जिवाभावाच्या माणसावर वेळ आली की ती आठवत नाही.

त्या कोऱ्या स्टँपचं लग्नाच्या आधी निस्तरायला हवं. नाहीतर तो कागद तुझ्या संसारात येऊन बसेल. महाराष्ट्रात सावकारीचा २०१४चा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोऱ्या कागदावर सही घेणं हा गुन्हा आहे, वसुलीसाठी दारात बसून त्रास देणं हाही गुन्हा आहे. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार करायची, तिची पोच घ्यायची आणि एक प्रत पोलीस ठाण्यात द्यायची. अर्ज त्यानं करायचा, त्या जोडीदारालाही सोबत घेऊन. तू नाही. तू फार तर बरोबर चालत जा. मला स्वतःला सावकारातून सोडवलं ते प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळानं. आम्हा खानावळवाल्या बायकांना त्यांनी बँकेच्या दारात नेऊन उभं केलं आणि कर्ज मिळवून दिलं. बँकेच्या व्याजाचा आकडा ऐकून मी साहेबांना म्हटलं होतं, हे महिन्याचं ना? ते म्हणाले, वर्षाचं. मी पुन्हा विचारलं होतं.

तुझे आठ हजार त्यानं परत करावेत. एकदम नाही जमणार, तर पगाराला पाचशे. वही करा आणि तिच्यात त्याच्या हातानं लिहू दे. तुला वाटेल, प्रेमात कसली वही? अगं, आमच्या घरात तर वहीनंच प्रेम परत आणलं. ह्यांना पुढे एका कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली. पहिल्या पगाराचं पाकीट त्यांनी बंदच आणून माझ्या हातात दिलं. मी त्यांच्यासमोर मोजलं. मग पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला फार वाईट वाटलं, पण हात थांबेना. पुढच्या महिन्यात त्यांनी पाकिटाबरोबर एक चिठ्ठी दिली. पगार अमुक, चहा-बिडी अमुक, बसभाडं अमुक. अशा चिठ्ठ्या ते शेवटपर्यंत देत राहिले. मी मोजायची कधी थांबले ते माझ्या लक्षातही आलं नाही.

भरवशाचं विचारलंस, म्हणून आणखी एक सांगते. सुटल्यावरही दोन वर्षं मी ह्यांच्या तोंडाचा वास घेत असे. पाणी देताना जवळ जायचं, शर्टाची कॉलर नीट करायची, असं काहीतरी करून. वाटायचं, त्यांना कळत नाही. एकदा फार उशीर झाला, मी गॅलरीत उभी. हे जिना चढून आले, चप्पल काढली नाही, माझ्यासमोर उभे राहिले आणि दवाखान्यात लहान मूल उघडतं तसं तोंड उघडलं. बोलले काहीच नाहीत. गाडी रखडली होती, एवढंच होतं. मी वास घेतला, पोरी. त्या क्षणी सुद्धा घेतला. मग आत जाऊन ताट वाढलं.

असं जगायची तुझी तयारी आहे का, ते स्वतःला विचार. तो वाईट आहे म्हणून विचार असं नाही. तो चांगला निघाला तरी हे वाट्याला येतंच.

माझं मत विचारशील तर आत्ता हो म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. पहिल्या वर्षात कुठला मोठा निर्णय घेऊ नये, नवं नातं जोडू नये, असं मिटिंगमधले जुने मेंबर सांगतात. तो काही लेखी नियम नाही, पण खूप घरं बघून आलेलं शहाणपण आहे. वर्ष पूर्ण झाल्यावर तिथे ‘वाढदिवस’ करतात. त्याच्या वाढदिवसाला तू आणि तुझी आई दोघी जा. आईचा राग करू नकोस. तिनं एक जावई पाहिला आहे, दुसऱ्याची तिला धास्ती आहे. ‘बेवडा तो बेवडाच’ हे ती भीतीनं म्हणते. तिथले लोकही आपण कायमचे बरे झालो असं कधी म्हणत नाहीत, फक्त आजचा दिवस घेतली नाही म्हणतात. फरक असा, की आई हे दार लावून घेत म्हणते आणि ते रोज सकाळी दार उघडून म्हणतात. तिला एकदा ऐकू दे. त्यानंतर आणखी वर्षभर ती वही चालू दे.

आणि एक राहिलंच. नवऱ्यानं टाकलं म्हणतेस, पण कोर्टातून घटस्फोट झाला आहे का? झाला नसेल तर दुसरं लग्न कायद्यानं उभं राहणार नाही, मग माणूस कितीही सोन्यासारखा असो. तालुका विधी सेवा समितीत बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. रजेच्या दिवशी आधी तिथे जा. तुझं खातं बँकेत तुझ्याच नावावर राहू दे, लग्नानंतरही.

गणिताचं मात्र चालू दे. आई घरात असताना, उंबऱ्याजवळ बसून शिकवू दे. मला ते आवडलं.

प्रश्न : नवरा रिक्षा चालवतो, रोज पितो. ‘नकळत जेवणात मिसळा, दारू सुटेल’ अशा पावडरची जाहिरात पाहिली. घरपोच पाठवतात, महाग आहे. मागवू का?
— सोलापूरची वाचक

उत्तर : नको गं बाई, अजिबात नको. मी हे केलेलं आहे, म्हणून हात जोडून सांगते. १९८७च्या सुमारास कानातले मोडून अशीच पावडर आणली आणि आमटीत घातली. रात्री हे पिऊन आले आणि जेवले. थोड्या वेळात तोंड लालभडक झालं, छाती धडधडायला लागली, उलट्या थांबेनात. मोरीत त्यांचं डोकं धरून मी बसले होते आणि मनात एकच, की मी ह्यांना मारलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी खरं सांगितलं नाही. ते न सांगणं मला अजून टोचतं, कारण त्या रात्री काही बरंवाईट झालं असतं तर ते त्या न सांगण्यानं झालं असतं.

अशा पावडरीत काय असतं ते पुडीवर खरं लिहिलेलंच असेल याचा भरवसा नाही. दारूशी न जमणारं एक खरं औषध आहे, डायसल्फिराम. दारू शरीरात मोडत असताना मधल्या टप्प्यावर जे विषारी द्रव्य तयार होतं, ते पुढे मोडू न देणं हे त्याचं काम. त्यामुळे वरून घोटभर घेतली तरी माणूस बेजार होतो, रक्तदाब कोसळतो, हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही काही दिवस हा धोका राहतो. म्हणून डॉक्टर ती तपासण्या करून, पिणाऱ्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीनंच देतात. माहीत असलेला माणूस त्या भीतीनं थांबतो. माहीत नसलेला रोजच्यासारखा गुत्त्यावर जातो.

त्या पैशांत एसटीचं तिकीट काढ. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दारूवर उपचार होतात. तो यायला तयार नसेल तर पहिल्या वेळी तू एकटी जा, बायको एकटी आली म्हणून तिथे कुणी परत पाठवत नाही. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतीचा नंबर, दोन्ही फुकट. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून हेच काम करत आहे.

प्रश्न : वडील हमाली करतात. गेल्या वर्षी आषाढीला माळ घालून त्यांनी एका दिवसात दारू सोडली. दुसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडायला लागले. लोक बाधा म्हणाले, अंगारा लावला. शेवटी मामानं थोडी दारू पाजली तेव्हा शांत झाले. तेव्हापासून पुन्हा पितात. यंदा परत माळ घालणार म्हणतात. घालू द्यावी का?
— एक मुलगा, लातूर

उत्तर : बाळा, ती बाधा नव्हती. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं शरीर दारूवरच चालायला लागतं. ती एकदम तोडली की काही तासांत घाम, थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात नाही ते दिसायला, ऐकू यायला लागतं. यात माणूस दगावतो. तुझे वडील वाचले हे तुमचं नशीब. मामावर रागावू नकोस, त्याला जे सुचलं ते त्यानं केलं.

माळ जरूर घालू दे. विठ्ठलाच्या नावानं सुटलेली आणि सुटून राहिलेली माणसं मी आमच्या चाळीत पाहिली आहेत. गळ्यात माळ आहे म्हटल्यावर चारचौघं आग्रह करत नाहीत, हाही गरिबाला मोठा आधार असतो. पण आधी दवाखाना. डॉक्टरांना गेल्या वर्षीचं सगळं सांग, ते किडे सुद्धा. एकदा असं झालेल्या माणसाला पुढच्या वेळी धोका जास्त असतो, त्यामुळे ते बहुतेक काही दिवस भरती करून घेतील. थरथर दबवायची औषधं, ‘ब१’ जीवनसत्त्व, पाणी, झोप हे सगळं त्यांच्या नजरेखाली होऊ दे. तोपर्यंत घरच्या घरी ‘आजपासून बंद’ असं करू नका.

एकादशीच्या तीन आठवडे आधी त्यांना घेऊन जा. हमालीचा खाडा पडेल, तो धरूनच चाल. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलेली पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव, आणि मग माळ घालायला त्यांच्याबरोबर तूही देवळात जा.